त्र्यंबकला जाऊन येईपर्यंत करंगळी बधिर, हँडल बदलू का?

गंगापूररोडवाला:
वय ४६, हायब्रिड सायकल, सरळ दांडीचं हँडल. रोज सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो तेव्हा काही त्रास नाही, पण रविवारी ग्रुपबरोबर त्र्यंबकला निघालो की अंजनेरीच्या आसपास डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्हीला मुंग्या. परवा तर घरी आल्यावर शर्टाचं बटण लागेना, बायको म्हणाली विकून टाका ती सायकल. दुकानदार म्हणतो ड्रॉप हँडल टाका, म्हणजे रेसिंग सायकलसारखं टोकं खाली वाकलेलं, हात ठेवायला जास्त जागा मिळतात. टाकू का?

पंचवटीकर:
ड्रॉपच्या नादी लागू नका राव, मी लागलो होतो. सरळ हँडलची नळी ग्रिपपाशी २२.२ मिमी आणि ड्रॉपची २३.८, म्हणजे तुमचे ब्रेक लिव्हर, गिअर बदलायचे शिफ्टर काहीच त्याच्यावर बसत नाही, सगळं नवीन घ्या आणि वर हात अजून पुढे ताणले जातात ते वेगळंच.
तुम्हाला पाहिजे मागे वळलेलं हँडल. डोळे मिटून दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरा आणि हात सहज पुढे करा, पेन्सिली एका रेषेत येणारच नाहीत, बाहेरची टोकं तुमच्याकडे वळलेली दिसतील. मनगटाला तसं धरायला आवडतं आणि सरळ दांडी त्याला उलटं पिळते. आजोबांच्या काळ्या सायकलचं हँडल आठवा, त्यांना कधी मुंग्या आल्या का! तेवढं वळलेलं नको, चढाला उभं राहिलं की गुडघ्याला लागतं, १५-२० डिग्री पुरे.
घेण्याआधी स्टेमवरचा, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यावरचा आकडा वाचा, २५.४ की ३१.८ मिमी. ३१.८ चं हँडल २५.४ च्या स्टेममध्ये जात नाही.

घाटातली_ताई:
दादा, हँडलवर पैसे घालायच्या आधी सीट बघा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सारखे पुढे घसरता आणि सगळा भार तळहातावर. करंगळीची नस तळहाताच्या कडेने जाते, ती ग्रिपवर दाबली जाते म्हणून नेमकी तीच दोन बोटं. पंखासारख्या रुंद ग्रिप मिळतात, त्यांनी फरक पडतो. कोपर थोडे वाकलेले ठेवा, दर दहा मिनिटांनी पकड बदला. आणि बटण लागत नाही हे पुन्हा झालं तर मात्र इथे विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा.
आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ ला सायकलवर अमेरिका आरपार केली, तुम्हाला त्र्यंबक जमेल :)

गंगापूररोडवाला:
ताई, नाक खरंच खाली होतं. मीच केलं होतं पावसाळ्यात, बुड दुखतं म्हणून, आणि विसरून गेलो. भिंतीला टेकवून मोबाईलच्या लेव्हलने सपाट केलं आणि आज अंजनेरीपर्यंत जाऊन आलो, परत येताना शेवटी शेवटी थोड्या मुंग्या, बाकी काही नाही. हँडल तरी घेणारच, स्टेमवर ३१.८ आहे. पण जुन्या ग्रिप काही केल्या निघत नाहीयेत, कापून टाकू का?

पंचवटीकर:
कापताय कशाला, पातळ स्क्रू ड्रायव्हर खाली सरकवा, कोरोनातलं सॅनिटायझर पडलं असेल घरात ते आत सोडा आणि पिळत पिळत ओढा. नवीन बसवतानाही तेच वापरा, उडून जातं. तेल नको, नाहीतर उतारावर ग्रिप हातात येईल.