अनुभव धागा : गावाच्या उत्सवात आपल्या वाट्याला आलेले काम

खान्देशातील उत्सवांची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु रोटांचे गहू कोण निवडते, बारागाड्या कोण जुंपते आणि दुसऱ्या दिवशी चौक कोण झाडते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझ्या मते उत्सव टिकतो तो याच कामांवर. म्हणून जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील वाचकांनी स्वतः केलेल्या एखाद्या कामाविषयी लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. घरातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचा, तो निवडून दळायचा आणि त्या पिठाचे रोट, म्हणजे प्रसादाच्या पोळ्या, करायच्या, हे काम लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी माझ्याकडे सोपवले. मोजताना नाव मोठ्याने घ्यायचे, मूठ सुपात सोडायची आणि वर चिमूटभर गहू सव्वा म्हणून टाकायचा. एका वर्षी सुरतेला नोकरीस असलेल्या धाकट्या दिरांना सुट्टी मिळाली नाही. मी त्यांचे नाव गाळून पुढे गेले, तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला आणि मला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावले. रोट भाऊबंदांतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा आमच्याकडचा दंडक आहे. म्हणून दिरांच्या मुठीचे पीठ पितळी डब्यात वेगळे राखले. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ते रात्रीच्या गाडीने आले आणि सासूबाईंनी त्याच पिठाची पोळी, गंगाफळाच्या भाजीसह, त्यांना चुलीपुढे बसवून वाढली. सोमवारी पहाटे नदीवर कानबाईला निरोप देताना मी दरवर्षी रडते. त्या वर्षीचे रडणे मात्र वेगळे होते.

जळगाव तालुक्यातून : माझ्याकडे बारागाड्यांच्या दोराचे काम आहे. गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे बसतात आणि भगत, म्हणजे देवाचा मानकरी भक्त, त्या ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बगले, म्हणजे त्याचे साथीदार, असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गाड्या एकदा वेगात आल्या की त्या थांबवणे कोणाच्याही हातात राहत नाही, आणि गर्दी तर चाकाला हात लावायला पुढे सरकत असते. मी सोळा वर्षांचा असताना माझ्यासमोर एका मुलाचा पाय चाकाखाली आला. पाय वाचला, तरी तो मुलगा आजही लंगडतो. तेव्हापासून आम्ही वीस-पंचवीस जण रस्त्याच्या दोन्ही कडांना जाड दोर ताणून उभे राहतो. पूर्वी लोक आमच्यावर चिडत, आता तेच आपली पोरे आमच्या मागे आणून उभी करतात. प्रत्येक गावाने हे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अक्कलकुवा तालुक्यातून : मी परगावचा शिक्षक असून काठी या गावची राजवाडी होळी मी केवळ पाहिली आहे, त्यामुळे हे सांगणे थोडे विषयाबाहेरचे ठरेल. ती पहाटे पेटते. रात्रभर ढोल चालतो, आणि माझे विद्यार्थी अंगावर नक्षी रंगवून, मोरपिसांचे टोप घालून नाचत असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्या कानांमागे तो रंग तसाच असतो.

शहाद्याहून : सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. लांबून आलेल्या व्यापाऱ्यांच्या जनावरांना पाणी पुरवण्याचे काम आमच्या घरात आजोबांपासून आहे. पाण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

चोपड्याहून : वर ताईंनी मुठीविषयी लिहिले, म्हणून मला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर आठवली. आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, नवे साल ठरते, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावाने घागर भरली जाते. आमच्या वडिलांकडे तीस वर्षे राबलेले सालदार काका वारले, त्यानंतर आईने आमच्या घागरीशेजारी त्यांची लहान घागर मांडायला सुरुवात केली. आता ती मी भरते आणि त्यांच्या आवडीचे खरबूज वर ठेवते.