शब्दचर्चा : व्हिएतनामी पार्सलवरील ‘फऽ’, ‘ताय’ आणि ‘चय’

प्रश्न :
जवळच्या व्हिएतनामी उपाहारगृहातून पहिल्यांदाच जेवण बांधून आणले. चिठ्ठीवर रोमन लिपीतील, पण स्वरांच्या डोक्यावर चिन्हे असलेले तीन शब्द होते; ते मी ‘फो बो ताई’ असे वाचले. एका डब्यात कढत रस्सा, दुसऱ्यात तांदळाच्या चपट्या नूडल्स आणि तिसऱ्यात मांसाचे कागदासारखे पातळ, चक्क कच्चे काप निघाले. या शब्दांचे योग्य उच्चार कोणते, आणि कच्चे मांस चुकून आले की ते नावातच आहे?

प्रतिसाद १ :
ते नावातच आहे. ‘बो’ म्हणजे गाय-बैल आणि पदार्थाच्या नावात त्याचे मांस. कोंबडीसाठी ‘गा’ हा शब्द येतो. ‘ताय’ म्हणजे अर्धकच्चे. (‘ताई’ असे लिहिल्यास मराठी वाचकाला थोरली बहीणच आठवेल, म्हणून शेवटी ‘य’ बरा.) भीतीने किंवा आजारपणाने चेहरा पांढराफटक पडतो, त्यालाही व्हिएतनामी भाषेत ‘ताय’च म्हणतात. उकळता रस्सा ओतताच कापांचा लाल रंग उडतो, हे एकदा पाहिले की शब्द सहज लक्षात राहतो.

याच्या उलट शब्द ‘चीन’, म्हणजे पूर्ण शिजलेले. त्याचा देशाशी संबंध नाही. नऊ या अंकालाही तोच उच्चार आहे. गंमत अशी की शिजलेले अन्न, पिकलेले फळ आणि प्रौढ विचार या तिन्हींसाठी हा एकच शब्द चालतो. आपल्याकडे पक्वान्न, पक्व फळ आणि परिपक्व बुद्धी यांत ‘पक्व’ हेच काम करतो, त्यामुळे कोशात ‘चीन’पुढे ‘पक्व’ असे लिहिले, तर फारसे काही सांडणार नाही.

वापराच्या दृष्टीने इतकेच, की घरी आणेपर्यंत रस्सा निवतो. तो पुन्हा खळखळून उकळल्याशिवाय कापांवर ओतू नये. नूडल्स वेगळ्या देण्याचे कारणही साधे आहे : रस्स्यात राहिल्यास त्या तो शोषून फुगतात आणि मऊ पडतात.

प्रतिसाद २ :
उच्चाराबद्दल थोडे. पहिल्या शब्दात ‘ओ’ नाही. तिथला स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा, पण लांबवलेला आहे, आणि लांबवलेला ‘अ’ दाखवायला मराठीत अवग्रह आहेच; म्हणून ‘फऽ’ असे लिहावे. हनोईकडील बोलीत या शब्दाचा सूर आधी खाली उतरून मग वर चढतो. व्हिएतनामीच्या प्रमाण उच्चारात असे सहा सूर आहेत आणि ते देवनागरीत दाखवण्याची सोय नाही, हे मान्य करावे लागते. मात्र ‘त’ आणि ‘थ’ यांतला भेद त्या भाषेत आहे आणि तो आपण नेमका लिहू शकतो : ‘ताय’मध्ये ‘त’, तर मांस या अर्थाच्या ‘थित’मध्ये ‘थ’.

‘फऽ’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही जण फ्रेंच ‘पो-तो-फ’ या मांसाच्या रश्श्यातील शेवटच्या शब्दाकडे बोट दाखवतात, तर काही जण चिनी लोकांच्या तांदळाच्या नूडल्ससाठी असलेल्या शब्दाकडे. मला दुसरे मत अधिक पटते, कारण व्हिएतनामीत ‘फऽ’ हे केवळ रश्श्याचे नाव नसून त्या चपट्या नूडल्सनाही तेच नाव आहे. गोल नूडल्स घातल्या की पदार्थ ‘बून’ होतो. म्हणून ‘फऽ’चे भाषांतर ‘सूप’ असे करणे मला अपुरे वाटते.

प्रश्नकर्ता :
आपल्या दोघांचेही आभार. घरात एक जण शाकाहारी आहे. पुढच्या वेळी भाज्या घातलेला फऽ मागवला, तर चालेल का?

प्रतिसाद १ :
केवळ भाज्यांवर विसंबू नये. पालेभाजीला दक्षिणेत ‘राउ’ म्हणतात, उत्तरेत त्याचा उच्चार ‘जोर’मधल्या ‘ज’ने होतो, पण तो शब्द वर काय घातले आहे एवढेच सांगतो, आणि खालचा रस्सा हाडांचा असू शकतो. आपल्याला हवा तो शब्द ‘चय’. (‘चाय’ नव्हे; स्वर ऱ्हस्व आहे.) तो मूळचा बौद्ध आचारातला आहे : पुष्कळ व्हिएतनामी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ‘चय’ जेवतात, म्हणजे मांस-मासळी वर्ज्य करतात. त्यामुळे ‘फऽ चय’ मागितल्यास रस्साही निरामिष असावा, अशी अपेक्षा ठेवता येते.

सोबतच्या छोट्या डबीकडेही लक्ष द्यावे. तिच्यावर ‘नुओक माम’ असेल, तर ते मासळी मिठात मुरवून काढलेले पाणी आहे. ‘नुओक माम चय’ असेल, तरच ते मासळीविना केलेले असते.