प्रतिसाद: प्रार्थनाच होत नाही तेव्हा

वर ताईंनी विचारलंय ना, मिशनला जाऊन तिसऱ्याच महिन्यात प्रार्थना करावीशी वाटेना, परत येऊ का, म्हणून लिहितोय. मी मडगावचा, झारखंडला एका आदिवासी गावात होतो, मलेरियाने आडवा झालो, भाषा येत नव्हती आणि खरं सांगतो देवाचं नावसुद्धा तोंडात येईना. शेजारच्या आजी रोज ॲल्युमिनियमच्या वाटीत भाताची पेज आणायच्या, मीठ जरा जास्तच, आणि मी संपवेपर्यंत दारात बसून राहायच्या.

तेव्हा आपल्या बाणावलीत जन्मलेले संत जोसेफ वाझ आठवले. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली, हे १६८७ मध्ये वेष बदलून जाफन्याला पोचले ते हगवणीने बेजार होऊनच, पुढे कँडीला हेर समजून कैदेत टाकलं, तरी तमिळ शिकले, सिंहली शिकले, १७११ ला तिथेच वारले, गोव्याला परत आलेच नाहीत. संत म्हणून जाहीर झाले २०१५ ला, पण त्या वाटेवर ते एक आजारी माणूसच होते हो!

ताई, प्रार्थना जमत नसेल तर सध्या राहू दे, कोणी पेज देत असेल तर ती घ्या. माझी परत सुरू झाली ती त्या वाटीपाशीच, आईने शिकवलेली, कोंकणीत.