डीआरच्या (आपत्तीनंतर सिस्टीम पुन्हा चालू करण्याच्या) तीन पर्यायांपैकी कोणता घ्यावा? २ होस्ट, १४ व्हीएम

रॅक_नं_२
दोन फिजिकल होस्ट (सर्व्हर), त्यांवर १४ व्हीएम (व्हर्च्युअल मशीन). ईआरपी (कंपनीचा कारभार, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल सर्व्हरवर, डेटाबेस ३०० जीबी. फाइल सर्व्हर २ टीबी. दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर), तेही याच होस्टवर. बॅकअप रोज रात्री नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवर) जातो आणि नॅस त्याच खोलीत आहे. इंटरनेट लाइन १०० एमबीपीएस.
व्हेंडरचे पर्याय: १) क्लाउडवर फक्त बॅकअप, २) क्लाउडमध्ये सगळ्या व्हीएमची रेप्लिका (तिथेच चालू करता येईल अशी प्रत), दर १५ मिनिटांनी सिंक, ३) दुसऱ्या जागी असंच हार्डवेअर. व्यवस्थापन म्हणतं, "काम थांबायला नको." कोणता घ्यावा?

ऑफसाइट
"थांबायला नको" यावरून काहीच ठरत नाही. प्रत्येक सिस्टीमसाठी दोन आकडे लेखी घ्या: किती वेळ बंद चालेल (आरटीओ) आणि किती वेळाचा डेटा गेला तर चालेल (आरपीओ). हे आकडे आयटीने नाही, त्या त्या विभागाने द्यायचे. सगळेच "शून्य" म्हणतील; मग शून्याचा खर्च दाखवा, आकडे आपोआप वाढतात.

आता हिशोब. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ एमबी. २ टीबी खाली उतरवायला कागदावर ४४ तास, प्रत्यक्षात ५५-६० धरा. ईआरपीचे ३०० जीबी कागदावर पावणेसात तास. म्हणजे पर्याय १ मध्ये ईआरपी दुसऱ्या दिवशी, फाइल्स तिसऱ्या दिवशी, आणि तेही होस्ट शाबूत असतील तर. खोलीच जळाली तर नवीन हार्डवेअर येईपर्यंतचा काळ वेगळा. पर्याय ३ मध्ये पॅच, वॉरंटी, कॉन्फिगरेशन सगळं दुप्पट, आणि वर्षभरात दोन्हीकडचं जुळेनासं होतं.

माझं मत: ईआरपीचा डेटाबेस, त्याचा अ‍ॅप सर्व्हर आणि एक डोमेन कंट्रोलर एवढ्यांचीच रेप्लिका घ्या. बाकीच्यांना बॅकअप पुरे. १४ च्या १४ रेप्लिकेट करायला सांगणारा व्हेंडर तुमची गरज मोजत नाहीये.

कुलूपकिल्ली
वरच्याशी सहमत, पण रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. रॅन्समवेअरने फाइल्स एन्क्रिप्ट केल्या की पुढच्या सिंकमध्ये तीच घाण पलीकडे जाते. किती जुने रिकव्हरी पॉइंट (मागे जाता येईल असे टप्पे) ठेवतात ते विचारा. फक्त २४ तासांचे असतील तर उपयोग कमी, कारण हल्लेखोर बऱ्याचदा कित्येक दिवस आत बसून मग वार करतो.

एक प्रत ऑब्जेक्ट लॉकवर (मुदत संपेपर्यंत पुसता-बदलता न येणाऱ्या स्टोरेजवर) हवीच. एस३ (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) वापरत असाल तर कंप्लायन्स मोड. गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेलं खातं लॉक ओलांडू शकतं. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये घेऊ नका, नाहीतर डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड गेला की बॅकअपही गेला. आणि बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड ज्या व्हीएमवर ठेवलाय, तीच व्हीएम त्या बॅकअपमध्ये नसावी. हे फार ठिकाणी दिसतं.

लॉगचेन
डेटाबेसपुरतं बोलतो. रात्रीचा एकच बॅकअप म्हणजे आरपीओ २४ तास. एसक्यूएल सर्व्हरचं रिकव्हरी मॉडेल फुल करून दर १५ मिनिटांनी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) बॅकअप लावा. सिंपलमध्ये लॉग बॅकअप घेताच येत नाही, आणि फुल करून लॉग बॅकअप लावला नाही तर लॉग फाइल डिस्क भरेपर्यंत फुगते.

लॉग बॅकअप एकाच ठिकाणाहून घ्या. व्हीएम बॅकअपचं टूल लॉग ट्रंकेट (रिकामा) करतंय आणि एसक्यूएल एजंटचा (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेचा) जॉबही लॉग घेतोय, असं असेल तर लॉग बॅकअपच्या साखळीचे तुकडे दोन जागी पडतात आणि रिस्टोअर मध्येच अडकतो. टीडीई (डेटाबेसच्या फाइल्सचं एन्क्रिप्शन) लावलं असेल तर सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की वेगळी जपा. त्याशिवाय दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेस उघडणार नाही.

रॅक_नं_२
मिश्र पर्याय पटतोय. फेलओव्हरला (काम रेप्लिकावर हलवताना) अडतं कुठे?

ऑफसाइट
क्रमात. आधी डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा), मग एसक्यूएल, मग अ‍ॅप सर्व्हर. उलटं केलं तर सर्व्हिसेस लॉगिनलाच अडतात. दुसरं, क्लाउडमध्ये आयपी बदलतो आणि ईआरपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये जुना आयपी लिहिलेला असतो. तिथे आत्ताच नाव टाका आणि त्या डीएनएस रेकॉर्डचा टीटीएल (जुना आयपी किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ३०० सेकंद ठेवा. लायसन्स हार्डवेअरला किंवा यूएसबी डाँगलला बांधलेलं असेल तर ईआरपीवाल्याकडून डीआरचं लायसन्स आधीच घ्या. व्हीपीएनही तपासा: लोक ज्या फायरवॉलवर जोडतात ती त्याच खोलीत असते.

चाचणी तीन महिन्यांतून एकदा, वेगळ्या नेटवर्कवर. चाचणीतला डोमेन कंट्रोलर चालू नेटवर्कला चुकूनही जोडू नका. व्हीएम बूट झाली म्हणजे चाचणी झाली असं नाही. ईआरपीत एक बिल बनवून, प्रिंट काढून बघा.

व्हेंडरला अजून दोन गोष्टी विचारा: आपत्तीच्या वेळी कंप्युट क्षमता राखीव आहे की "उपलब्ध असल्यास", आणि परत मूळ जागी येताना फक्त बदललेला डेटा येतो की सगळा. सगळा येत असेल तर वरचा डेटा उतरवण्याचा हिशोब पुन्हा लागू, शिवाय डेटा बाहेर काढण्याचे पैसे वेगळे.

कुलूपकिल्ली
आणि क्लाउडवर चालू असतानाच्या काळात त्या व्हीएमचा बॅकअप कोण घेतं, हेही करारात लिहून घ्या.