मदत हवी आहे: रचलेल्या भाषेच्या व्याकरणासाठी मराठी संज्ञा कशा घडवाव्यात?

नमस्कार. मी स्वतः रचलेल्या एका भाषेचे व्याकरण मराठीत लिहीत आहे. तिच्या काही लकबींना नावे देताना मी अडले आहे, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

मुख्य अडचण एका अक्षराची आहे. ते लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. शब्दाच्या शेवटी आले तर आधीचा स्वर दीर्घ होतो आणि मध्ये आले तर आधीच्या व्यंजनाचे द्वित्व होते. ‘अनुच्चारित अक्षर’ म्हटले तर त्याचे काम लपते, ‘दीर्घसूचक’ म्हटले तर निम्मेच काम कळते. संस्कृत वैयाकरण पाणिनीच्या परंपरेतला ‘अनुबंध’, म्हणजे प्रत्ययाला जोडलेला खुणेचा वर्ण, जवळचा वाटतो, कारण ‘क्त’ प्रत्ययातला क् असाच स्वतः लोप पावतो आणि गुण (इ चा ए, ऋ चा अर् असा स्वरबदल) होऊ नये एवढे सांगून जातो. परंतु तो क् व्याकरणाच्या सूत्रापुरता असतो, ‘कृत’ लिहिताना दिसत नाही. माझ्या भाषेतले अक्षर मात्र रोजच्या लेखनात टिकून राहते. तीच संज्ञा उचलल्यास संस्कृत जाणणाऱ्या वाचकाची दिशाभूल होईल, असे मला वाटते.

क्रियापदाचे नाव सहज सुचले. मराठीत ते कर्त्याप्रमाणे बदलले की कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले की कर्मणी प्रयोग होतो. या भाषेत ते सर्वांत जवळच्या नामाचे लिंग-वचन घेते, मग ते नाम कर्ता असो वा कर्म, म्हणून मी त्याला ‘सन्निध प्रयोग’ म्हणते. दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी भाषेप्रमाणे येथे नामालाही काळाचा प्रत्यय लागतो. ‘पूर्वी घर असलेली वास्तू’ एका शब्दात सांगणाऱ्या अशा रूपाला ‘भूतनाम’ म्हटल्यास अर्थ भलतीकडे जातो, त्यामुळे ‘गतनाम’ बरे वाटते.

आता त्या अक्षराकडे येते. पाणिनीकडे ‘सर्वनाम’सारखी अर्थ सांगणारी संज्ञा आहे, ‘घु’सारखी (दा, धा या धातूंसाठीची) निव्वळ सांकेतिक आहे आणि ईकारान्त-ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांसाठी ‘नदी’ ही त्या गटातल्याच एका शब्दावरून घेतलेली संज्ञाही आहे. माझा कल ‘नदी’च्या वाटेकडे आहे, म्हणजे ज्यात ते अक्षर दोन्ही कामे करते असा माझ्या भाषेतलाच एखादा शब्द संज्ञा म्हणून घ्यावा. ‘घु’सारखे नाव आटोपशीर असले तरी नवख्या वाचकाला ते प्रत्येक वेळी शोधावे लागेल.

भाषेशी अजिबात ओळख नसलेल्या वाचकाला उदाहरणावरून घेतलेले नाव पेलेल का, की दोन्ही कामे सामावणारी एखादी अन्वर्थ, म्हणजे नावातूनच अर्थ सांगणारी, संज्ञा आपल्याला सुचते?