रीच हरलं ते जमिनीवर, अंतराळात नाही

धूमकेतू:
'हेलो' गेममालिका न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. एकीकडे माणसं, दुसरीकडे कॉव्हेनंट, म्हणजे प्रॉफेट, एलिट, ग्रंट, जॅकल वगैरे परग्रहवासीयांची धर्मवेडी युती. ऑगस्ट २५५२ मध्ये या युतीने रीच हा माणसांचा बलाढ्य लष्करी ग्रह जिंकला. तंत्रज्ञानात आपण कमी पडलो, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. रीचभोवती ३,००० टनांचा गोळा फेकणाऱ्या २० चुंबकीय तोफा होत्या. शत्रूची ढाल असो की चिलखत, गोळा आरपार. पण त्यांची वीज यायची खाली ग्रहावरच्या जनित्रांतून! तटबंदी भक्कम आणि पाण्याचं टाकं गडाखाली, असला प्रकार. शत्रूने सैन्य उतरवून जनित्रं फोडली, वर तोफा गप्प.

ताकभात:
साफ असहमत. गोळ्याचा वेग प्रकाशाच्या ४ टक्के धरला, तर एका बाराची ऊर्जा ५० मेगाटनच्या 'झार' या सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या हजारपट भरते. एवढी वीज कक्षेत तयार करायची तर उष्णता टाकणार कुठे? तिथे ना हवा ना पाणी, फक्त प्रारण. जनित्रं जमिनीवर ठेवणं ही मजबुरी होती. शिवाय समोर तीनशेवर जहाजं. तोफा चालू राहिल्या असत्या तरी रीच फार तर थोडं उशिरा पडलं असतं.

धूमकेतू:
मजबुरी मान्य, मग राखण? स्पार्टनांची, म्हणजे माणसांच्या खास घडवलेल्या महासैनिकांची, मोठी तुकडी जनित्रांकडे धाडली ती शत्रू उतरायला लागल्यावर. एवढी वर्षं काय करत होते?

उल्कापात:
भौतिकशास्त्र काढताय तर त्या बाराचा धक्का तोफेला किती बसेल तेही काढा. पहिल्याच गोळीला तोफ कक्षेबाहेर! तो हिशोब सोडा. खरा प्रश्न, पत्ता फुटला कसा? माणसांच्या ग्रहांचा माग लागू नये म्हणून कोल प्रोटोकॉल हा नियम होता. तरी 'हेलो'च्या २००१ च्या कादंबरीत सिग्मा ऑक्टेनसची लढाई गाजवून आलेल्या माणसांच्या कॅप्टन कीझच्याच जहाजाला हेरयंत्र चिकटलेलं होतं. बाकीच्या चर्चेत मग काय उरतं?

ताकभात:
तो पत्ता २०१० च्या 'हेलो: रीच' गेमने पुसून टाकला की! तिथे कॉव्हेनंट जुलैतच रीचवर हजर. (दोन्ही एकत्र जुळवणाऱ्यांना माझा दंडवत.) आणि धूमकेतू, जनित्रांचंच कारण असेल तर पृथ्वीचं काय? 'हेलो २' मध्ये त्याच वर्षी ऑक्टोबरात माल्टा आणि अथेन्स ही तोफांची स्थानकं उडाली. तिथे जनित्रांना कुणी हातही लावला नव्हता.

धूमकेतू:
उडाली कशी तेही लिहा ना. आत शिरून बॉम्ब ठेवले. कैरो हे तिसरं स्थानक वाचलं, कारण तिथे मालिकेचा नायक मास्टर चीफ होता. रीच असो की पृथ्वी, मोठ्या तोफांना बगल देऊनच कॉव्हेनंटने काम साधलं. एवढे सरस होते तर समोरून का नाही भिडले?