'चार्ज' या एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

कोथरूडची आई:
माझी मुलगी नववीत, सेमी-इंग्रजी वर्गात आहे. विज्ञानात 'चार्ज' म्हणजे विद्युत प्रभार असे ती शिकते. पण घरी चार्ज होतो तो मोबाइल, शिंपी अस्तराचा वेगळा चार्ज लावतो, आजोबा कचेरीतल्या टेबलाचा चार्ज कोणी घेतला ते अजून सांगतात आणि बातम्यांत चार्जशीट व लाठीचार्ज असतात. शब्द एकच आहे, की फक्त उच्चार सारखा आहे?

शनिवारपेठी वाचक:
शब्द एकच आहे. लॅटिनमध्ये 'कारस' म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल लादणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. 'कार' आणि 'कार्गो' हे त्याचेच भाऊबंद. जबाबदारी लादली की पदभार, दोष लादला की आरोप आणि पैसे लादले की आकार, जसे महावितरणच्या बिलावर 'स्थिर आकार' व 'वहन आकार' छापलेले असतात. बंदुकीत दारू ठासणे हाही चार्जच. 18व्या शतकात लायडन बरणीत, म्हणजे वीज साठवण्याच्या काचेच्या बरणीत, वीज भरण्यासाठी हाच शब्द रूढ झाला, आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा बरण्यांच्या संचाला तोफांच्या रांगेचे 'बॅटरी' हे नाव दिले. आपल्याकडेही पदभार, अधिभार, प्रभार या सगळ्यांत 'भार' आहेच, त्यामुळे मुलीला वेगळे पाठ करावे लागणार नाही.

निवृत्त लेखनिक, शिवाजीनगर:
एक भेद मात्र तिला जरूर सांगावा, कारण वृत्तपत्रेही त्यात सर्रास गल्लत करतात. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात दाखल करतात. आरोपनिश्चिती त्यानंतरची असून ती न्यायालय करते.

इंग्रजीच्या बाई:
परीक्षेत फसवणारी जागा वेगळीच आहे. परिचारिका रुग्णाच्या 'इन चार्ज ऑफ' असते, तर रुग्ण परिचारिकेच्या 'इन द चार्ज ऑफ' असतो. मधल्या एका 'द'ने सांभाळणारा आणि सांभाळला जाणारा यांची अदलाबदल होते. तसेच वस्तूची 'प्राइस' असते आणि सेवेचा 'चार्ज', म्हणून कापडाची प्राइस आणि शिलाईचा चार्ज.

कोथरूडची आई:
मनःपूर्वक आभार. पण लाठीचार्ज यात कुठे बसतो?

शनिवारपेठी वाचक:
भाला रोखून धरण्यालाही इंग्रजीत चार्ज म्हणत, आणि भाला रोखलेला घोडेस्वार पुढे चालून जाणारच; त्यामुळे शत्रूवर तुटून पडणे हा अर्थ त्याला चिकटला. घोडदळ गेले, लाठी आली. मराठीत 'लाठीमार' हा चांगला शब्द असल्यामुळे मी तरी तोच लिहितो.